केराबाईच्या अंगणातली सीतेची वेणी

शुक्रवार पेठेत घोंगडीवाल्यांच्या बोळात केराबाईचं नाव कुणी मोठ्यानं घेत नसे. ती काही वाईट बाई नव्हती, पण तिच्या कानावर गेलं तर काय घ्या! तिचा राग साऱ्या बोळाला पाठ होता. शेजारची शेळी अंगणात शिरली तर ती शेळीला नव्हे, शेळीच्या मालकाला दाव्याला बांधायची भाषा करी. नळावर कुणी तिच्यापुढं घागर सरकवली, तर ती घागर बोळाच्या दुसऱ्या टोकाला सापडे. लोक म्हणत, बाई फटकळ आहे. आता ह्या लोकांना काय म्हणावं! ज्याच्या पायावर पाय पडतो तो ओरडतो, आणि ज्यानं पाय दिलेला असतो तोच कानावर हात ठेवून म्हणतो, केवढ्यानं ओरडतोय बघा. केराबाईच्या पायावर कुणीकुणी पाय दिला ते कुणाच्या ध्यानात राहिलं नाही, तिचं ओरडणं मात्र सगळ्यांच्या ध्यानात राहिलं.

माहेर तिचं सांगोल्याकडचं, धनगराचं. सासरही धनगराचंच. नवरा सिदू तरणा होता तेव्हा दिवाळी झाली की मेंढरं घेऊन घाट उतरायचा आणि पावसाच्या तोंडावर परत यायचा. पुढं एका दुष्काळानं कळप खाल्ला. उरलीसुरली मेंढरं विकून ही मंडळी सोलापुरात आली आणि मागावर बसली. सिदू घोंगडी विणायचा, त्याचा धाकटा भाऊ हरिबा ती बाजारात नेऊन खपवायचा. केराबाई, तिची सासू बजाबाई आणि हरिबाची बायको गोजरबाई, अशा तिघी लोकर पिंजून सूत काढायच्या. सगळ्या घराला लोकरीचा आणि सुताला चोपडायच्या चिंचोक्याच्या खळीचा वास असायचा. पाहुणे नाक मुरडत, घरच्यांना तो वास कळतसुद्धा नसे.

सिदू मागावर बसला खरा, पण त्याचे पाय काही मागाखालच्या खड्ड्यात रमले नाहीत. एका साली लोकर आणतो म्हणून चुलतभावांच्या कळपाबरोबर तो पुन्हा कोकणात उतरला. आला तो जेठाच्या सुरुवातीला. लोकरीचं गाठोडं होतं एवढंसं, आणि खांद्यावर जांभळीची एक वाळकी फांदी. फांदीला एक झाड चिकटलेलं. दोन्ही अंगांना जाड पट्ट्यांसारखी पानं, खाली सुतळीएवढी पांढरी मुळं लोंबणारी, आणि पानांच्या बेचक्यातून हातभर लांब फुलांचा घोस खाली उतरलेला. पांढऱ्या फुलांवर गुलाबी झाक, वर जांभळे ठिपके. वेणी घालावी तशी फुलं एकमेकींत गुंतलेली.

"लोकर आणायला गेलावता का सरपण?" केराबाईनं तोंड सोडलं. "घरात पोरगी पाळण्यात हाय, आन् हे रानातली लाकडं गोळा करत फिरत्यात!"

"सीतेची वेणी हाय ही," सिदू म्हणाला. तो तिच्या रागाला कधी उत्तर देत नसे, नुसता हसे. "मायाक्काच्या लग्नात तिच्या डोस्क्यात घालायची. मी हाय तवर मी जपीन, मागारी तू जप."

मायाक्का म्हणजे पाळण्यातली ती पोरगी. तिला अजून दात आले नव्हते आणि बाप लग्नाची वेणी घेऊन आला होता. केराबाई चडफडली, पण फांदी तिनंच उतरवून घेतली.

त्या झाडानं पुढं तिला जेवढं चिडवलं तेवढं सासूनंही चिडवलं नसेल. सिदूनं ते आधी दक्षिणेच्या भिंतीवर पत्र्याजवळ टांगलं. उन्हाशिवाय पीक येतं का, असं त्याचं साधं गणित. सोलापूरचं ऊन म्हणजे काय हे त्या कोकणातल्या झाडाला कुठं ठाऊक! पानं आधी पिवळी पडली, मग त्यांच्यावर भाकरी करपल्यासारखे डाग उमटले. मग घाबरून सिदूनं ते मागाच्या खोलीत नेलं. तिथं गारवा होता, ओल होती, अंधारही होता. पानं हिरवीगार झाली, लांबच लांब वाढली. सगळे खूश. पण दोन पावसाळे गेले तरी फुलाचा पत्ता नाही. केराबाईनं कंबरेवर हात ठेवून झाडाकडं पाहिलं आणि सरळ त्यालाच झाडलं, "खातंयस, पितंयस, अंग धरतंयस, आन् फुलायच्या नावानं बोंब! बसून खायाची सवय लागली तुला."

पण चिडलेला माणूस नीट बघतो, हे लोकांना पटत नाही. केराबाईनं बघितलं. पान काळपट हिरवं आणि लुसलुशीत झालं म्हणजे झाड उजेडाला भुकेलं आहे. पान पिवळट आणि ताठ झालं म्हणजे उन्हानं त्याला चटका बसतो आहे. दोन्हींच्या मध्ये, कोवळ्या हरभऱ्याच्या रंगाचं पान हवं. तिनं फांदी उचलली आणि अंगणातल्या कडुलिंबाच्या पूर्वेच्या अंगाला लोकरीच्या दोरानं बांधली. तिथं सकाळचं ऊन तिरपं यायचं. गिरणीचा दुपारचा भोंगा व्हायच्या आत सावली पडायची. वरून लिंबाची सावली पुरेना म्हणून तिनं भोकं पडलेलं जुनं घोंगडं आडवं ताणून दिलं. भोकांतून उन्हाचे कवडसे पानांवर पडत आणि हलत राहत.

झाडाला माती नको, हे मात्र घरात कुणालाच पटेना. बजाबाई तर त्याला बांडगूळच म्हणायची. उघडी मुळं पाहिली की तिला कसंसंच व्हायचं. पण मुळं वाऱ्यालाच राहायला हवीत, एवढं सिदू कोकणातून शिकून आला होता, आणि बाकीचं केराबाई चुकतमाकत शिकली. उन्हाळ्यात सोलापूरचा वारा कोरडा ठणठणीत. म्हणून ती रोज सकाळी एक घोंगडं भिजवून झाडाशेजारी वाळत घाले. लोकर दिवसभर ओल धरून राही आणि तेवढ्यापुरती तिथली हवा गार होई. पाणी द्यायचं ते सकाळीच, मुळं पांढरी होती ती हिरवी दिसेपर्यंत, की पुरे. संध्याकाळी पानांच्या बेचक्यात पाणी साचलं तर गाभा कुजतो, हा धडा तिला एक फुटवा गमावून मिळाला. खताचं म्हणाल, तर धनगराच्या घरात खताला काय तोटा! मेंढ्यांच्या लेंड्या मडक्यात भिजवायच्या, फडक्यातून गाळायच्या, आणि गुळवणीपेक्षाही फिकट होईपर्यंत पाणी घालायचं. ते बाजाराच्या दिवशी मुळांवर शिंपडायचं. मुळांची टोकं हिरवी होऊन वाढत असतील तरच. थंडीत झाड झोपतं, तेव्हा खत नाही आणि पाणीही नावाला. पाहुणा आला की चार घास जास्त वाढायची आपली सवय, पण ह्या पाहुणीला अर्धपोटी ठेवलं तरच ती सुखी, हे कळायला केराबाईला वर्षं लागली. त्यानंतर मात्र जेठ उजाडला की वेणी उतरायची. रस्त्यावरून जाणारी माणसं अंगणाच्या दाराशी थांबून बघायची, आणि केराबाई दार लावून घ्यायची.

मायाक्का परकर सावरायला लागली त्या सुमाराला सिदू तापानं गेला.

केराबाईच्या हातातल्या बांगड्या बायकांनी दगडावर फोडल्या. कुंकू पुसलं. पंधरा दिवसांत तिच्या अंगावरचं सगळं उतरवून झालं, आणि मग त्या बायकांची नजर अंगणातल्या झाडाकडं वळली. बजाबाईनंच तोंड उघडलं. "केरे, त्या वेणीच्या झाडाचं आता तुला काय? गोजरीला दिऊन टाक. बिनधन्याच्या बाईनं फुलं जपू नयेत."

"फुलं मी माळत न्हाय," केराबाई म्हणाली. "तेवढं मला कळतंय. पण झाड माझं हाय. ह्याला कुणी हात लावला तर त्यो हात मी ठिवायची न्हाय."

ती हे इतक्या शांतपणे बोलली की बजाबाई दोन पावलं मागं सरली. सवयीचा आरडाओरडा कुणालाही परवडतो; हे काही तरी निराळं होतं. त्यानंतर दर जेठात वेणी फुलायची आणि झाडावरच सुकायची. केराबाईनं एक फूल कुणाला तोडू दिलं नाही, देवालाही नाही. बिरोबाला ती म्हणायची, तुला भंडारा हाय, हे पोरीचं हाय. देवाशी एवढ्या ताठ्यानं बोललेलं बजाबाईला खपत नसे, पण देवानं कधी तक्रार केली नाही.

मायाक्का पंधरा वर्षांची झाली तेव्हा हरिबानं वेळापूरचं स्थळ आणलं. घर बरं होतं, पोरगा कष्टाळू. केराबाईनं होकार दिला. सुपारी फुटली. आणि मग हरिबा ओसरीच्या खांबाला टेकून, टोपी काढत घालत, घसा खाकरायला लागला. हा हरिबा वाईट माणूस नव्हता. जे काही वाईट घडायचं ते रीतीनं घडू द्यायचं, आपण नुसतं सांगून मोकळं व्हायचं, अशी त्याची पद्धत.

"वैनी, पोरीच्या हळदीला, अक्षतांला... आमी दोघं बसू पाटावर. गोजरी आन् मी. तुमी आन् आई आतल्या खोलीत बसा. अक्षता पडल्या की मग या की भायेर. रीत हाय, आपण काय करणार!"

केराबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जिला नऊ महिने पोटात वाढवली, बाप गेल्यावर जिच्यासाठी सूत कातायच्या चातीवर बोटं झिजवली, त्या पोरीच्या अंगाला हळद लावायची ती बोळातल्या पाच सवाष्णींनी, आणि आईनं मागाच्या खोलीत तोंड लपवून बसायचं! ह्या रीतीला आई नव्हती का? ती कुठल्या दगडातून निघाली? पण केराबाई ओरडली नाही. पोरीच्या लग्नात विघ्न नको म्हणून तिनं जन्मात पहिल्यांदा राग गिळला. राग गिळायला सोपा नसतो, तो गळ्यात अडकतो.

"बसते," ती म्हणाली. "पण पोरीच्या डोस्क्यात वेणी माझ्या झाडाची. त्येवढं माझं जाईल मांडवात."

हरिबानं आईकडं बघितलं. "फूल झाडाचं असतंय, हाताचं न्हाय," बजाबाई म्हणाली. "घाल."

आता अडचण अशी की मायाक्का थोरलं लेकरू, आणि थोरल्या लेकराचं लग्न जेठात करत नाहीत. मुहूर्त निघाला वैशाखाच्या शेवटाला. आणि वेणी फुलायची जेठात. म्हणजे झाडाला पंधरा दिवस अलीकडं ओढायचं होतं. केराबाई फाल्गुनातच कामाला लागली. वरचं घोंगडं तिनं हातभर मागं सरकवलं, एकदम नाही, चार-चार बोटांनी, पानाचा रंग बघत बघत. पान पिवळट वाटलं की पुन्हा दोन बोटं पुढं. मुळांना हिरवी टोकं फुटताच लेंडीचं पाणी सुरू केलं, नेहमीपेक्षा फिकट, पण बाजाराच्या दिवसाऐवजी आठवड्यातून दोनदा. ओलं घोंगडं दिवसातून दोनदा भिजू लागलं. घरातली लग्नाची धांदल एकीकडं, आणि ही बाई लिंबाखाली उभी. बजाबाई कुरकुरायची. पण चैत्रात पानाच्या बेचक्यातून घोसाचं टोक निघालं, नेहमीपेक्षा लवकर, आणि मग सगळं घर मान वर करून तिकडं बघायला लागलं. वैशाखाचा पहिला पंधरवडा सरता सरता घोस वीतभर लोंबू लागला, मोहरीएवढ्या कळ्यांनी भरलेला. केराबाईचं तोंड त्या दिवसांत कुणावर सुटलं नाही. बोळातल्या लोकांना काळजी वाटायला लागली.

एका सकाळी ती घोंगडं भिजवायला आली आणि झाडाजवळ थबकली. मुळांवरून मुंग्यांची रांग वर चढली होती. तिनं बोट लावलं. मूळ बोटाला चिकटलं नाही, खरखरीत लागलं. सगळ्या मुळांवर एक फिकट, कडक पापुद्रा चढला होता. तिनं तो नखानं खरवडला आणि नाकाशी नेला. तो वास तिनं उभ्या जन्मात हजार वेळा घेतला होता. चिंचोक्याची खळ.

"कुणी?" ती एवढंच म्हणाली, पण बोळाच्या टोकापर्यंत दारं उघडली.

गोजरबाई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. तिच्या हातात पीठ होतं. तिचा चेहराच सांगत होता.

"तू? माझ्या झाडाला खळ घातलीस? माझ्या पोरीची वेणी तुझ्या डोळ्यात खुपली व्हय गं? पाटावर तू बसणार, आई म्हणून तू मिरवणार, तेवढ्यानं पोट भरलं न्हाय तुझं? तेवढं एक फूल माझ्या नावचं होतं, तेबी तुला सोसंना!"

गोजरबाई रडत रडत म्हणाली, "अक्का, तसं न्हाय वो. कळ्या लई नाजूक दिसत हुत्या. वारं सुटलंय. मला वाटलं, गळल्या तर! ताण्याला खळ दिली की सूत तुटत न्हाय. म्हटलं, हिलाबी चार घास दिले तर कळ्या धरून राहत्याल. मायाक्काला मी का कमी समजते? माझ्या हातनं पाप झालं का वो अक्का?"

आता ह्यावर काय बोलावं! आयुष्यभर ताणा, म्हणजे मागावरचं उभं सूत, विसकटू नये, तुटू नये म्हणून त्याच्यावर खळीचा कुंचा फिरवत आलेली बाई. जे अशक्त दिसेल त्याला खळ, हेच तिला ठाऊक. सुताला जी ताकद देते तीच खळ मुळांना गच्च लिंपून टाकते, त्यांना वारा घेऊ देत नाही, पाणी पिऊ देत नाही, हे तिला कुणी सांगितलं होतं? केराबाई झाडापाशी कुणाला फिरकूच देत नव्हती. करायला गेली गणपती आणि झाला मारुती. केराबाईच्या हाताची मूठ वळली होती, ती तशीच राहिली. तिला भयंकर राग आला होता आणि समोर राग काढायला माणूसच नव्हतं. समोर होती ती रडणारी गोजरी, आणि तिनं काही वाकडं केलं नव्हतं.

दिवसभर केराबाई कोमट पाण्यात फडकं बुडवून एकेक मूळ पुसत बसली. मायाक्का येऊन शेजारी बसली आणि तिनं दुसरं फडकं घेतलं. पापुद्रा भिजून सुटला, मुळं मोकळी झाली, झाड मेलं नाही. पण झाडाला जीव वाचवायचा होता, आणि जीव वाचवताना ते आधी फुलं टाकून देतं. दुसऱ्या दिवशी खालच्या कळ्या पिवळ्या पडल्या. मग रोज सकाळी लिंबाखाली त्या पिवळ्या कळ्या पडलेल्या असत. लग्नाला तीन दिवस उरले तेव्हा घोसाची नुसती हिरवी काडी राहिली.

हरिबा समजूत घालायला आला. "वैनी, एवढं काय मनाला लावून घेताय? मी बाजारातनं मोगऱ्याची झकास वेणी आणतो. फूल ते फूल."

त्यावर केराबाईनं त्याच्याकडं असं पाहिलं, की तो टोपी ओसरीवरच विसरून बाहेर गेला.

लग्नाच्या दिवशी सकाळी मांडवात हलगी वाजायला लागली. वेळापूरची मंडळी आदल्या दिवशीच उतरली होती. केराबाई मागाच्या खोलीत गेली आणि बसली. शब्द दिला होता, पाळला. बजाबाई आधीच तिथं भिंतीला टेकून बसली होती, तीही नवरा नसलेली, तिलाही मांडवात जागा नव्हती. खोलीत ताणा अर्धा विणून पडला होता. दार ओढून घेतलेलं. बाहेर बायका हळदीची गाणी म्हणत होत्या, मायाक्का पाटावर बसली असणार. कुणी तरी मोठ्यानं हसलं. केराबाईनं गुडघ्यांना मिठी मारली.

काही तरी करकरलं म्हणून तिनं मान वर केली. सासू उठून दाराशी गेली होती. दाराच्या फटीला डोळा लावून ती बाहेर बघत होती, एक हात चौकटीवर, एक पाय जरा उचललेला, अगदी सराईतासारखी.

"काय बघताय?" केराबाई खेकसली.

म्हातारी दचकली. "काय न्हाय. हळद बघत हुते." आणि मग, का कोण जाणे, ती पुढं बोलली. "सिदूचीबी अशीच बघितली मी. गावाकडं, कोठीच्या दाराआडनं. निम्मं दिसायचं, निम्मं न्हाय. त्येच्या पाठीला कुणी हळद लावली ते मला दिसलंच न्हाय."

केराबाई तिच्याकडं बघत राहिली. इतक्या वर्षांत ही गोष्ट ह्या घरात कुणी काढली नव्हती.

"तुमाला कुणी बसवलं कोठीत?"

"माझ्या सासूनं."

"तिचा दादला हुता?"

"न्हवता की. तीबी माझ्या शेजारीच बसलीवती."

"आन् तुमाला राग आला न्हाय?"

बजाबाई फटीपासून बाजूला झाली. तिच्या सुरकुतलेल्या तोंडावर एक लालसर रेघ उमटली होती, चौकटीची. "आला की," ती म्हणाली. "लई आला. हाड न् हाड जळालं माझं."

"मग कुटं गेला त्यो राग?" केराबाई उभी राहिली. "सांगा की, कुटं गेला? ज्येनी रीत केली त्यांच्यावर काढला? दिरा-भावांवर काढला? न्हाय. माझ्यावर काढला! मला हितं आणून बसवलं. वड्याचं तेल वांग्यावर! आन् उद्या घरातल्या दुसऱ्या बाईवर अशीच येळ आली असती तर मीबी हेच केलं असतं. तिलाबी कोंडून घातलं असतं आन् फटीतनं बघितलं असतं. आग लागो त्या फटीला!"

"हळू बोल, केरे. मांडवात पावणं हाईत."

"ऐकू दे पावण्यांना! वेणी जाणार हुती माझ्या जागी, म्हणून गप बसले. वेणी न्हाय फुलली. आता माझ्या जागी कोन जाणार? मलाच जाया पायजे."

तिनं दार उघडलं. पण एकटी निघाली नाही. तिनं वळून सासूचं मनगट धरलं. म्हातारी "अगं सोड, अगं काय करतीस," म्हणत मागं ओढत होती, पण तिचं ओढणं नावालाच होतं. अंगणातून, मांडवातून, बायकांमधून केराबाई तिला घेऊन सरळ पाटापर्यंत गेली.

गाणं तुटलं. हलगीवाल्याचा हात तसाच राहिला. हरिबा पाटावरून अर्धा उठला आणि "वैनी..." एवढंच म्हणून पुन्हा बसला. वेळापूरची एक वयस्क बाई तोंडाला पदर लावून शेजारणीच्या कानात कुजबुजली. केराबाईनं त्या बाईकडं बघितलं आणि ती कुजबुज तिथंच थांबली.

गोजरबाईच्या हातात हळदीची वाटी होती. तिनं ती केराबाईपुढं धरली.

केराबाईनं वाटीत हात घातला आणि मायाक्काच्या दोन्ही गालांना हळद फासली, खसाखसा, अंघोळ घालताना घासावं तशी. तिचा राग अजून उतरला नव्हता, तो तिच्या तळव्यात होता. मायाक्का डोळे मिटून बसली होती. तिनं आईचं मनगट धरलं आणि तोंड त्या हातात तसंच दाबून धरलं.

"आता तुमी," केराबाई सासूला म्हणाली. "तुमच्या ल्योकाची लेक हाय. लावा."

बजाबाईनं बोटं वाटीत बुडवली. हळद लागलेला हात तिनं समोर धरला आणि ती नुसती उभी राहिली. एवढी गर्दी तिच्याकडं बघत होती आणि तिला काही सुचेना.

"आदी कुटं लावायची असती गं?" ती हळूच म्हणाली. "पायाला का खांद्याला? इतकी वरसं हात लावला न्हाय. इसरले बग मी."

मग मायाक्कानं डोळे न उघडताच पाय पुढं केले. म्हातारी खाली बसली. तिनं पायांना हळद लावली, मग गुडघ्यांना, मग हातांना, आणि मग उठून नातीच्या मागं गेली आणि पाठीला लावायला लागली. पाठ पिवळी होऊन गेली तरी ती लावतच राहिली. वाटी रिकामी झाली, तेव्हा गोजरबाई उठून दुसरी भरून घेऊन आली.